दसऱ्याचा ताप

थर्मामीटरवर एकशे तीन होतं, पण वडिलांचं मनगट गार होतं. भैरवीनं घड्याळ लावून नाडी मोजली. मिनिटाला बहात्तर. कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एवढं पुरेसं होतं.

उशाशी चहाचा कप होता. अंजूनं फुंकून कोमट करून ठेवलेला.

"ताप आहे का गं?" मधुसूदनरावांनी कण्हत विचारलं.

"आहे ना, बाबा. दर दसऱ्याला असतोच."

चार वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा नेपाळहून आलेली अंजू दारव्ह्याच्या या घरात कामाला लागली. बाविशीची पोर. तिनं त्यांना उठवलं, चालवलं, रमीत हरवून वर चिडवलंही. त्यांनी तिला वऱ्हाडी शिकवली. तिचे उपकार कसे फेडावेत, हे भैरवीला कळत नव्हतं. आणि बाबा हे असे! दसऱ्याला घरून बोलावणं आलं की यांना ताप यायचा, अंजू तिकीट रद्द करायची. सलग तीन वर्षं.

म्हणून यंदा भैरवी महिन्याची रजा काढून पुण्याहून आली होती. अंजूचा भाऊ खेमसिंग नागपुरात वॉचमन होता. त्यालाही तिनंच बोलावून घेतलं. नेपाळच्या वाटेवरल्या गोरखपूरची दोन तिकिटं घेऊन तो दारात उभा होता.

"चाल, अंजू. घरी समदी तयारी झाली. सारे तुयीच वाट पाहून राह्यले."

"जा गं," भैरवी म्हणाली. "इथे मी आहे. आणि यांना काहीही झालेलं नाही." मग ती वडिलांकडे वळली. "लाज नाही वाटत, बाबा? लेकराला आईबापाकडे जाऊ देत नाही!"

मधुसूदनरावांनी मान खाली घातली. "चुकलं माझं. म्हातारा माणूस स्वार्थी होतो."

अंजूनं पिशवी उचलली. उंबऱ्यापर्यंत गेली, तिथेच थांबली.

"आजोबा, तुमी कायले बोलणे खाता माह्यासाठी?"

"गप्प बस, पोरी."

"तीन वर्षं गप्पच राह्यली ना."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि भावाकडे पाहिलं.

"दादा, आजोबाले दर साली ताप आणाले मीच लावतो. बापूनं ठरवलेल्या त्या माणसाशी मी लगन करत नाही."