लोकरीचं कोकरू

भिमा कोकराचा चौथा पाय विणत होती. तीन पाय धडाला शिवून झाले होते, त्यामुळं मांडीवर उभं केलं की ते एका अंगावर कलंडायचं. पांढरी लोकर, हातात क्रोशाची सुई. एक गोल पुरा झाला की भिमा ओठातल्या ओठात टाके मोजायची आणि पुढचा गोल धरायची.

तिची सासू सोजरबाई दुपारच्या एसटीनं इनामगावाहून दौंडला आली होती. दारात पायांवर पाणी घेतलं, चहा घेतला, आणि आता ती सुनेच्या हातांकडं बघत बसली होती. भिमाचा नवरा ज्ञानदेव रेल्वेत गँगमन. ड्यूटीवरून येऊन तो भिंतीला टेकला होता. थोरली कुसुम शाळेत गेली होती. घरात तिघंच.

"कुणासाठी चाललंय हे?" सोजरबाईनं विचारलं.

"संपतसाठी धरलं व्हतं," भिमा म्हणाली. "अर्धं टाकवंना."

धाकटा संपत तीन वर्षांचा होता. माघात आजीकडं गेला, तेव्हा धनगरांच्या कळपातलं एक कोकरू दौंडला न्यायचं म्हणून त्यानं रडून गोंधळ घातला होता. लोकरीचं करून देते, असं भिमानं कबूल केलं तेव्हा कुठं तो एसटीत चढला. मग ती शेजारच्या गार्डसाहेबांच्या बायकोकडून विणायला शिकली. डोकं झालं, धड झालं, आणि चैत्रात गोवराचं निमित्त होऊन पोर गेलं. कोकराच्या पोटात भरलेला कापूस त्याच्याच उशीतला होता.

"उसव ते," सोजरबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तीन म्हैनं झालं. त्याच लोकरीचं टोपरं कर. घर असं बसून ऱ्हात न्हाई, भिमे."

भिमानं पुढचा टाका घेतला. सोजरबाईनं पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि उलगडली. आत काळपट भुकटी होती.

"शिरूरच्या वैद्याची हाय, दिवस ऱ्हायला. ह्या खेपंला दुप्पट द्यायला सांगितलीया. माझ्या म्होरं घे, म्हंजी मी निवांत जाईन."

मागच्या पुडीनं भिमाला दोन दिवस उलट्या झाल्या होत्या. सासू पाठीवरून हात फिरवत होती आणि ज्ञानदेव बादली उचलून बाहेर नेत होता. तेव्हाही तो काही बोलला नव्हता.

"आन् गुन आलाच न्हाई," सोजरबाई आता मुलाकडं वळली, "तर निमोण्याला म्हाळूची पोर हाय. मी शबूद टाकून ठिवलाय. भिमेला कुणी घराभाईर काढत न्हाई. दोघी बी ऱ्हातील."

सुई थांबली. भिमानं अर्धा विणलेला पाय खाली ठेवला. पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"मी घेते, आत्याबाई. आत्ता घेते. पन कशापायी घेते, ते आधी ह्यास्नी सांगू द्या."

ज्ञानदेव आपल्या पायांच्या बोटांकडं बघत राहिला. यार्डात डब्यावर डबा आदळल्याचा आवाज झाला आणि विरला.

"काय रं, ज्ञानू?"

"तिला काय बी झालं न्हाई, आये," तो म्हणाला. "आपरेशन मी केलंय. गेल्या साली. कॅम्प लागला व्हता तवा."

"कसलं आपरेशन?"

"पोरं बंद व्हायचं."

सोजरबाईच्या हातातली पुडी तशीच उघडी होती. "कुणी जुलूम केला?"

"थोडा केला," तो म्हणाला. "थोडं मलाबी वाटलं. दोन हायती, बास झाली." त्याची नजर कोकरावर गेली. "तवा दोन व्हती, आये."

तीन महिने भिमा या शब्दांची वाट बघत होती. ते एकदाचे बाहेर पडले की छातीवरचा धोंडा उतरेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कॅम्पावरून तो जपून पावलं टाकत घरी आला, त्या संध्याकाळी तिलाही सुटल्यासारखंच झालं होतं. ते तिनं आजवर कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

आता म्हातारी ऊर बडवून घेईल, शेजारच्या बाया गोळा होतील, म्हणून भिमानं हात लांब करून दार लोटून घेतलं.

सोजरबाई ओरडली नाही. तिनं पुडीची घडी घातली, एकदा, दोनदा, आणि ती पिशवीत तळाशी सारली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मुलासमोर जाऊन बसली. त्याच्या तोंडाकडं ती बराच वेळ बघत होती.

"लई दुखलं का रं तवा?" तिनं विचारलं.

भिमानं मान खाली घातली. वर्षभरात हे तिनं स्वतः त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

ज्ञानदेवनं नाही म्हणून मान हलवली. मग त्याला ती थांबवता येईना. आईपुढं बसून तो नुसती मान हलवत राहिला.