गढीपुढची रीत

नीरेकाठच्या मुरमाच्या वाटेवर सर्जेराव जीव तोडून सायकल मारत होता. मागं कॅरेजवर रंगूबाई सुईण सीट घट्ट धरून बसली होती. घरी त्याची बायको प्रयाग सकाळपासून अडली होती, मूल आडवं आलं होतं. "मावशी, पोचू ना येळंत?" "तू फुडं बघ," म्हातारी म्हणाली. वळणावर गढीचा बुरूज दिसला आणि त्याच्या पायांचा जोर मंदावला. गढीपुढून कुणी बसून जायचं नाही. उतरायचं, पायताण हातात घ्यायचं, दरवाजा मागं पडेपर्यंत चालायचं, ही आजा-पणजापासूनची रीत. बसून गेला म्हणून त्याच्या चुलत्याला इथंच चाबकानं फोडला होता. आता मालक पुण्याला राहत होते, दरवाजाला कुलूप होतं, तरी रीत कुणी मोडली नव्हती. दरवाजापाशी ब्रेक आपोआप दाबला गेला, सायकल थांबली, पाय जमिनीकडं गेला. सर्जेरावानं दात आवळले, पाय पुन्हा पायडलवर दाबला आणि सायकल उतारावर सोडून दिली. एकदम सगळं हलकं झालं. आजवरची भीतीच उतरली, असं त्याला वाटलं. उताराखालच्या वस्तीवर पोचला तेव्हा आतून प्रयागचं कण्हणं ऐकू येत होतं. आई दारातच उभी होती. तिनं त्याच्यामागं पाहिलं. "सुईण कुठं हाय?" सर्जेराव वळला. कॅरेज रिकामं होतं. लांब वर, कुलूप लावलेल्या दरवाजापुढून, खाली मान घालून रंगूबाई चालत होती, पायताण हातात धरून.