पाहुण्यांची वही

तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंनी मागच्या अंगणातली परदेशी हिरवळ काढून तिथे रानतुळस आणि इथलीच रानफुलं लावली, मधमाश्या याव्यात म्हणून. सोसायटीच्या सेक्रेटरींना ते तण वाटलं.

"महिनाभरात मधमाश्या येतात हे सिद्ध करा बाई, नाहीतर सगळं उपटून परत हिरवळ लावू."

"सिद्ध कसं करू? एकेकीचा अंगठा घेऊ?"

"लेखी नोंद हवी," सेक्रेटरी म्हणाले. "नियम म्हणजे नियम."

बाई पडल्या हट्टी. त्यांनी वॉचमनकाकांना गळ घातली. काकांना लिहायची एकच पद्धत ठाऊक. त्यांनी गेटवरची पाहुण्यांची वही उचलली आणि रोज सकाळी तासभर रानतुळशीपाशी खुर्ची टाकून बसले. नाव : मधमाशी. कोणाकडे : नर्सबाई. काम : खासगी.

महिनाअखेरीला चारशे बारा नोंदी भरल्या. बाईंनी वही सेक्रेटरींच्या टेबलावर अशी आपटली की पेन उडालं. सेक्रेटरींनी चष्मा चढवून पान न पान वाचलं आणि चक्क हात जोडले. "मानलं बाई तुम्हाला. झाडं राहतील."

त्या दिवशी बाईंचे पाय जमिनीवर नव्हते. दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस चिकटली होती.

 

'आपल्याकडे चारशे बारा पाहुणे आल्याची नोंद आहे, परत गेल्याची एकाचीही नाही. इतकी मंडळी विनापरवानगी मुक्कामाला ठेवल्याबद्दल लेखी खुलासा करावा.'