अंगदचं नाक

आमच्या भोकरदनच्या शेतात मित्रमंडळी जमली होती. डोळे बांधून रेड वाइन ओळखायची, असा प्रितमनं खेळ मांडला. माझा नवरा अंगद पहिला खुर्चीत बसला आणि डोळे मिटून ओरडला, “बांधा कुणीबी! माझं नाक चुकत न्हाई.” माझी मैत्रीण पायल तेवढ्यात ओढणी खाटेवर टाकून शेंगदाणे भाजायला आत गेली. तिच्या अत्तराचा मला हेवा वाटायचा. नाव विचारलं की पायल म्हणायची, “शीतल, तुला न्हाई शोभायचं ते.” मी तीच ओढणी उचलली, अंगदच्या मागे उभी राहिले आणि त्याच्या डोळ्यांवर गुंडाळली. त्यानं खोल श्वास घेतला, माझी बोटं हळूच दाबली आणि पुटपुटला, “जल्दी बांध. शीतल बघून राह्यली असंल.” मी गाठ करकचून आवळली. “प्रितमभाऊ, आणा पहिला ग्लास,” मी म्हणाले, “ह्यांचं नाक बराबर चालून राह्यलं.”