सर्वांना परवानगी

वाडीच्या घरी पाळण्यावर लावलेला कॅमेरा मिहान आयटी पार्कातल्या ऑफिसात बसून दिसावा, म्हणून मेघाने घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःच वेब सर्व्हर बसवला. बाळंतपणाची रजा संपत आली तरी कॅमेऱ्याचं वेबपान काही उघडेना. दर वेळी आपलं तेच, 'परवानगी नाही'. सहा महिन्यांची यशू डोळ्यांआड होणार या धास्तीने तिला घास गोड लागत नव्हता. शेवटी वैतागून तिने फोल्डरपासून कॅमेऱ्यापर्यंत 'सर्वांना परवानगी' देऊन टाकली, आणि पान झटकन उघडलं. पासवर्डचं रविवारी बघू, असं म्हणून ती कामावर रुजू झाली.

पहिल्याच दिवशी दुपारभर मीटिंग चालली. फोन पर्समध्ये आणि जीव पाळण्यात. बाहेर पडल्या पडल्या तिने सासूबाईंना फोन लावला.

"आई, यशू रडली का हो?"

"रडून राहिली होती ना वं. मी हात धुऊन येईपर्यंत तूच तर त्या कॅमेऱ्यातून गाणं म्हणून निजवलं तिले. लय बरं केलं बाई, बोलायची सोय असलेला कॅमेरा घेतला तर."

मेघाने तर सकाळपासून मीटिंग संपेपर्यंत फोनला हातसुद्धा लावला नव्हता.

सासूबाई कौतुकाने बोलतच होत्या.



"पण कोण्या भाषेतलं होतं वं ते गाणं? मले तर एक शब्द समजला नाही."