चालून दाखवा

चार पावलं टाकली की भीमाशंकरांना धाप लागायची; हृदयाची झडपच आखडली होती. छाती न उघडता मांडीच्या शिरेतून नवी झडप बसते, पण त्यासाठी माणूस आधी पारखून निवडावा लागतो. म्हणून लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर ओळीनं बसले होते.

"आजोबा, नाव सांगा. दात दाखवा. मूठ आवळा. आता भिंतीपर्यंत चालून दाखवा. अजून एकदा!"

कोपऱ्यात त्यांची बायको शिवम्मा पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होती. तरुणपणी औशाला बघायला आलेल्या ह्याच माणसानं तिला असंच दोनदा चालवलं होतं, वर तो दोन बशा चुरमुऱ्यांचा सुशला हाणून "घरी इचारून कळवतो" म्हणत निघून गेला होता. महिनाभर तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"मान खाली घाला की वो," ती पुटपुटली. "अन् पाय वाजवू नका."

मोठे डॉक्टर हसले. "आजी, आमच्याकडून होकार आहे. मंगळवारी झडप बसवून टाकू?"

भीमाशंकर हो म्हणणार, तेवढ्यात शिवम्मानं पदर सावरला.



"घरी इचारून कळवतो."