पटाशी अडकली की

शिरूरच्या आपल्या वर्कशॉपात जॉन्सन लेथवर बाभळीचा ओंडका आतून कोरत होता. चर्चच्या अर्पणासाठी कटोरा हवा होता. मागं स्टुलावर याकोबमामा बसले होते. जॉन्सनला कातकाम त्यांनीच शिकवलेलं, आज ते मुद्दाम पाटसहून बघायला आले होते.

पटाशी लाकडात अडकली. ओंडका थरारला, मनगटाला हिसका बसला, आणि आवाज आला, "च्च."

जॉन्सनचे कान तापले. मामांनी शिकवलं होतं तसं कोपर बरगडीला घट्ट लावून त्यानं पटाशी हळूच टेकवली. ती पुन्हा अडकली.

"च्च."

दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावलेला माणूस, आणि उस्तादासमोर ही शोभा. त्यानं मशीन बंद केलं. मान वर करायची लाज वाटत होती.

"चुकतंय मामा, कळतंय मला. पण तसं करू नका."

"मी कुठं काय केलं?" मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुलाबी ऐकू आलं व्हय?"

जॉन्सन वळला. मामांचीही मान खाली होती.

"मला वाटायचं, माझा उस्ताद करतोय," ते म्हणाले. "त्या लाजंपायी मी पटाशी सोडली."

लेथ कधीच थांबला होता. जॉन्सननं कटोऱ्यात हात घालून चाचपलं. ओरखडा कुठंच नव्हता. वर्षभर वाळवलेलं ते लाकूड तळाशी ओलं आणि कोमट लागलं, आणि बोटं टेकताच ते जिभेसारखं हळूच मागं सरलं.